एसप्राइटच्या बॅच स्क्रिप्टने लेअरची पारदर्शकता बदलणे: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

मालवण बंदरावर बेतलेल्या एका छोट्या गेमची दृश्ये मी एसप्राइट या पिक्सेल-चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो. प्रत्येक दृश्याची फाइल वेगळी असली तरी लेअरची, म्हणजे एकावर एक रचलेल्या चित्रथरांची, मांडणी सारखीच आहे: मागे सिंधुदुर्ग किल्ला, त्यापुढे समुद्र, मग कातळ, होड्या, किनाऱ्यावर ओढली जाणारी रापण (मासेमारीचे मोठे जाळे) आणि सर्वांत वर धुके व पाऊस. आषाढातले भरलेले आभाळ आणि श्रावणातली उघडीप यांतला फरक बहुतांशी धुके, पाऊस, फेस आणि सावली या चार लेअरच्या ओपॅसिटीवर, म्हणजे अपारदर्शकतेवर, ठरतो. हा बदल प्रत्येक फाइल उघडून हाताने करण्याऐवजी लुआ या भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टकडून करून घ्यायला लागल्याला आता काही महिने झाले आहेत.

एसप्राइट बॅच मोडमध्ये खिडकी न उघडता चालतो आणि आदेशातच स्क्रिप्टला लेअरचे नाव व हवा तो आकडा देता येतो. स्क्रिप्ट त्या नावाचा लेअर शोधते, ओपॅसिटी बदलते आणि फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. मूळ फाइलवरच लिहिण्याचा मोह टाळावा, कारण एसप्राइट बंद झाल्यावर अनडू उरत नाही. एकेक फाइल पूर्ण होताच जतन होत असल्याने, पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या आमच्या भागात अर्ध्यावर थांबलेले काम पुढे नेणेही सोपे जाते.

स्क्रिप्टमध्ये ओपॅसिटी टक्क्यांत नव्हे, तर ० ते २५५ या मापात द्यायची असते. निम्मी हवी असेल तर १२८. इथवर सरळ आहे. गुंतागुंत सुरू होते ती सेलपाशी. सेल म्हणजे एका लेअरवरचे एका फ्रेमपुरते चित्र, आणि त्याला स्वतःची वेगळी ओपॅसिटी असते. या दोन्ही किमतींचा गुणाकार होऊन पडद्यावरचा परिणाम ठरतो. धुक्याचा लेअर १२८ वर आणि एखाद्या फ्रेममधला सेलही १२८ वर असेल, तर त्या फ्रेममध्ये धुके सुमारे ६४ इतकेच, म्हणजे पाव, उरते. ॲनिमेशनमध्ये धुके हळूहळू विरताना दाखवायचे असेल तर हीच सोय कामी येते. पण फक्त लेअरचा आकडा बदलणारी स्क्रिप्ट सेलकडे पाहत नाही, आणि सगळ्या फाइलींना एकच आकडा देऊनही एखादे दृश्य फिकट का दिसते, याचे कारण बहुधा तिथेच सापडते. म्हणून माझी स्क्रिप्ट आता २५५ पेक्षा कमी ओपॅसिटी असलेले सेल आधी छापून दाखवते आणि निर्णय माझ्यावर सोडते.

गटांचीही अशीच एक खोच आहे. स्प्राइटच्या, म्हणजे उघडलेल्या चित्राच्या, लेअरची यादी मागितली की फक्त सर्वांत वरच्या पातळीवरचे लेअर मिळतात. ‘हवामान’ नावाच्या गटात ठेवलेले धुके आणि पाऊस त्या यादीत येतच नाहीत. स्क्रिप्टला प्रत्येक गटाच्या आत उतरायला सांगावे लागते. तसे न केल्यास कोणतीही चूक न दाखवता काम ‘यशस्वी’ होते आणि चित्र जसेच्या तसे राहते, हे मला या साधनाचे सर्वांत त्रासदायक वागणे वाटते. त्याशिवाय गटाची स्वतःची ओपॅसिटी ‘निल’ (म्हणजे किंमतच नाही) अशी येऊ शकते, त्यामुळे तिच्यावर गणित करण्याआधी तपासणी हवी. बॅकग्राउंड प्रकारचा लेअर मात्र अपारदर्शकच असतो. किल्ल्यामागचे आकाश फिके करायचे असेल तर तो आधी साधा लेअर करून घ्यावा.

इंडेक्स्ड रंगपद्धतीतल्या, म्हणजे ठरावीक रंगांच्या यादीतूनच (पॅलेटमधून) रंग घेणाऱ्या, फाइलींसाठी मी ही स्क्रिप्ट वापरणे थांबवले आहे. समुद्राचे रंग मी १६ रंगांच्या पॅलेटमध्ये बसवले होते. त्यावर अर्धपारदर्शक धुके आले की प्रत्येक रंगाची एक नवी, मधली छटा तयार होते. लेअर एकत्र करताना त्या छटांना पॅलेटमधला सर्वांत जवळचा रंग मिळतो, आणि कातळाच्या कडेला जिथे तीन छटा हव्या होत्या तिथे करड्या रंगाचा एकच ठिपका उरतो. अशा ठिकाणी एकाआड एक पिक्सेल भरून केलेले डिदरिंगच शोभते, आणि ते हातानेच करावे लागते. कोणताही रंग वापरू देणाऱ्या आरजीबी फाइलींमध्ये हा प्रश्न येत नाही, पण रंगांची संख्या वाढतेच; मोजक्या रंगांचा आग्रह धरणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

पडताळणीसाठी स्प्राइट-शीट (सगळ्या फ्रेम एकत्र मांडलेले चित्र) निर्यात करताना लेअरची यादी जेसन या मजकूर-स्वरूपातल्या फाइलमध्ये लिहून घेण्याचा पर्याय उपयोगी आहे, कारण प्रत्येक लेअरच्या नावापुढे त्याची ओपॅसिटी तिथे वाचता येते. निर्यात केलेल्या चित्रात ही ओपॅसिटी आधीच उतरलेली असते. गेमच्या कोडने जेसनमधला आकडा वाचून तो पुन्हा लावला, तर ओपॅसिटी दोनदा लागून पाऊस फारच फिका पडतो.

एसप्राइट विकत घ्यावा लागतो, परंतु त्याचा स्रोत-कोड उपलब्ध असल्याने वैयक्तिक वापरासाठी तो स्वतः कंपाइल करता (कोडपासून चालवण्याजोगा बनवता) येतो. २०१६ मध्ये त्याचा परवाना बदलला, त्याआधीच्या मुक्त आवृत्तीतून निघालेला लिब्रेस्प्राइट फुकट आहे. मात्र त्याच्या स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये असतात, त्यामुळे इथे वर्णन केलेली लुआ स्क्रिप्ट तिथे नव्याने लिहावी लागेल.