जुन्या लॅपटॉपवर काय टाकावं: विंडोज ११, डेबियन की हायकू?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेले, आजही ठणठणीत असलेले लॅपटॉप भंगारात चालले आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी आधी एक स्पष्ट सांगतो. ज्यांचं पोट टॅलीवर किंवा श्री-लिपीत केलेल्या डीटीपीच्या फायलींवर आहे, त्यांनी विंडोज सोडू नये, मशीन बदलावं. बाकीच्यांनी मात्र पुढचं वाचावं.

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ पासून स्वयंसेवक चालवत आहेत. उबुंटू ही लोकप्रिय लिनक्स सिस्टिम तिच्यावरच उभी आहे, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची सिस्टिमही. त्यामुळे एखादी चूक इथे सुधारली की तिचा फायदा लाखो मशीनना होतो, आणि वायफाय-ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलसोबत, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासोबत, आयते मिळतात. त्यात मोठ्या कंपन्यांच्या पगारी माणसांचंही काम असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतील, त्यातली शेवटची दोन एलटीएसची, म्हणजे वाढीव मुदतीच्या सपोर्टची. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, सगळं जागच्या जागी. रोजच्या कामात ती विंडोजच्या बरोबरीची आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

हायकूची गोष्ट वेगळी. बीओएस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी २००१ मध्ये पाम या कंपनीला विकली गेली, तेव्हा चाहत्यांनी ती सिस्टिम पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये हायकूची पाचवी बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आली. पक्की पहिली आवृत्ती अजून यायची आहे. कर्नलपासून खिडक्यांपर्यंत सगळं मूठभर माणसांनी सांभाळायचं, म्हणून वेग कमी. वायफायचे ड्रायव्हर फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त सिस्टिमकडून घेतले म्हणून निभावतं, पण थ्रीडी ग्राफिक्सला हार्डवेअरची साथ नाही.

पण वापरून बघा! काही सेकंदांत डेस्कटॉप समोर. विंडोज की दाबून ठेवून एका खिडकीचा पिवळा टॅब धरून दुसरीच्या टॅबवर नेला की दोन्ही एकत्र चिकटतात. प्रत्येक ईमेल ही साधी फाइल असते. पाठवणाऱ्याचं नाव, विषय, तारीख हे त्या फाइलचेच गुणधर्म. म्हणजे फोल्डर उघडून रकान्यांप्रमाणे लावता येतं, आणि शोध जपून ठेवला तर नवी मेल आली की यादी आपोआप वाढते. इतका नीटनेटका विचार मला विंडोजमध्ये कधी दिसला नाही. मराठी वाचकाला मात्र इथेच ठेच लागते: हायकूच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं जुळत नाहीत, ‘प्रत्यक्ष’ पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत दिसतं.

रिअ‍ॅक्टओएस ही आणखी एक सिस्टिम विंडोजचेच प्रोग्रॅम चालवायला निघाली, पण १९९० च्या दशकापासून काम चालू असूनही अजून अल्फातच, म्हणजे बीटाच्याही आधीच्या कच्च्या टप्प्यात, आहे. कामाच्या मशीनवर नको.

माझा कौल असा: ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल तर डेबियन, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपसह. मशीन ३२-बिट असेल तर डेबियन १३ चा इन्स्टॉलरच मिळत नाही. तिथे हायकू १ जीबीतही सुखाने चालते. डिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. डेबियनमध्ये झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, तेही बघा.