तिरकं पडलेलं चित्र सरळ कुठे करायचं: स्टुलावर, रिमोटवर की लॅपटॉपवर?

प्रोजेक्टर घेताना लुमेन (उजेडाचं माप), रिझोल्यूशन आणि किंमत यांवर भरपूर खल होतो. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न बहुतेकांना खोका उघडल्यावर पडतो. शाळेत तो पहिल्या बाकावर येतो. सोसायटीच्या हॉलमध्ये मध्यावर पंखा असतो, म्हणून तो बाजूला सरकतो. मंडपात जो खांब मिळेल त्याला तो बांधला जातो, आणि नाटकवाल्यांना तर तो प्रेक्षकांना दिसणार नाही अशाच कोपऱ्यात हवा असतो. मग चित्र वर रुंद, खाली अरुंद पडतं, किंवा एका अंगाला फाकतं.

ते सरळ करायच्या चार वाटा आहेत: मशीन किंवा त्याची लेन्स हलवणं, प्रोजेक्टरच्या मेनूतली दुरुस्ती, संगणकाचा अख्खा डेस्कटॉप वाकवणं आणि मॅपिंग सॉफ्टवेअर, म्हणजे चित्राचे तुकडे हव्या त्या आकारांवर ओढून बसवणारा प्रोग्राम. माझं मत आधीच सांगून टाकतो. पृष्ठभाग सपाट आणि प्रोजेक्टर एकच असेल, तर सॉफ्टवेअरच्या वाटेला जायचं कारण बहुधा नसतं. ज्यांना जावंच लागतं, त्यांनी प्रोजेक्टरमधली दुरुस्ती आधी पूर्ण शून्यावर आणावी. थोडं इथे, थोडं तिथे असं केलं की चित्र दोनदा नव्याने आखलं जातं, अक्षरं दोनदा धूसर होतात, आणि चूक नेमकी कुठे आहे हेही कळेनासं होतं.

आधी स्टूल, मग रिमोट

चित्र तिरकं होतं कारण लेन्स भिंतीकडे काटकोनात बघत नाही. किरणांना भिंतीच्या एका कडेपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं, आणि जितकं अंतर जास्त तितकं चित्र जास्त पसरतं. म्हणून मशीन काटकोनात आणणं हा खरा इलाज, बाकी सगळी मलमपट्टी.

पण काटकोनात म्हणजे पडद्याच्या बरोबर मध्यासमोर असं नव्हे. ऑफिसात, शाळेत वापरले जाणारे बरेचसे प्रोजेक्टर मुळातच थोडं वर फेकतात. टेबलावर आडवे ठेवले की चित्राची खालची कड साधारण लेन्सच्या उंचीला येते. हेच मशीन छताला उलटं टांगलं की वरची कड लेन्सच्या उंचीला येते. हे माहीत नसलेला माणूस चित्र खाली पडतंय म्हणून पुढचा पाय उंच करतो आणि तिरकेपणा ओढवून घेतो. त्यापेक्षा खाली एक स्टूल वाढवावं आणि मशीन लेव्हलमध्ये ठेवावं. उलटं टांगलेलं चित्र सुलटं करायला मेनूत ‘सीलिंग’ आणि पडद्यामागून टाकायला ‘रिअर’ असा पर्याय असतो. त्यासाठी लॅपटॉपवर स्क्रीन फिरवू नये.

घ्यायच्याच विचारात असाल तर थ्रो रेशो बघा: अंतर भागिले चित्राची रुंदी. १.५ चा प्रोजेक्टर दोन मीटर रुंद चित्रासाठी तीन मीटर मागे लागतो. जागा ठरलेली असेल तर हा आकडा लुमेनपेक्षा महत्त्वाचा.

लेन्स शिफ्ट असेल तर सोन्याहून पिवळं. यात मशीन जागच्या जागी राहतं, लेन्स वर-खाली किंवा डावी-उजवी सरकते, चित्रही सरकतं आणि एकही पिक्सेल वाया जात नाही. एप्सनच्या ईएच-टीडब्ल्यू ७००० सारख्या घरगुती मॉडेलमध्ये ही सोय उभी ६० टक्के आणि आडवी २४ टक्के मिळते. स्वस्त मशीनमध्ये ती सहसा नसते. जिथे टांगायची जागा निवडता येत नाही, तिथे मी त्याच पैशात जास्त लुमेनपेक्षा लेन्स शिफ्ट घेईन.

मेनूतलं कीस्टोन: फुकट दिसतं, फुकट नसतं

प्रोजेक्टरच्या आतल्या चिपवरच्या पिक्सेलची संख्या कायम असते. कीस्टोन, म्हणजे मेनूतली तिरकेपणाची दुरुस्ती, लावलं की मशीन चित्र चिपवरच उलट्या दिशेने आवळतं, म्हणजे भिंतीवर ते चौकोनी दिसेल. आवळलेल्या भागाबाहेरचे पिक्सेल काळे राहतात, वापरात येत नाहीत.

किती जातात याचा हिशोब भूमितीने काढता येतो. सरळ फेकणारा १.५ थ्रोचा, १९२० बाय १०८० चा प्रोजेक्टर १५ अंश वर झुकवला, तर १६:९ चा चौकोन राखण्यासाठी सुमारे १२ टक्के पिक्सेल सोडावे लागतात. ३० अंश झुकवला तर साधारण पाव. वीस लाखांतले पाच लाख गेले. सिनेमा बघताना हे फारसं जाणवत नाही. एक्सेलच्या रकान्यांत आणि वर्गातल्या बारीक मजकुरात लगेच जाणवतं, कारण उरलेले पिक्सेल मूळ पिक्सेलशी एकास एक जुळत नाहीत आणि अक्षरांच्या कडा फुटतात. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार आधी बळी पडतात.

शिवाय ते ‘काळे’ पिक्सेल पूर्ण काळे नसतात. अंधाऱ्या खोलीत चित्राभोवती राखाडी उजेडाची तिरकी चौकट दिसते. पडद्याला रुंद काळी किनार असेल तर ती त्यात बरीचशी झाकली जाते. काही मशीनमध्ये कीस्टोन चालू असताना गेमिंगचा जलद मोड बंद होतो. गेमसाठी घेणाऱ्यांनी मॅन्युअलमध्ये तेवढं बघून घ्यावं.

आता प्रकार. साधं उभं कीस्टोन फक्त वर-खालचा फरक काढतं. आडवंही असेल तर बाजूला ठेवलेल्या मशीनचं भागतं. पण खरी उपयोगाची सोय म्हणजे चार कोपऱ्यांची दुरुस्ती. एप्सनमध्ये ती ‘क्विक कॉर्नर’, बेनक्यूमध्ये ‘कॉर्नर फिट’ या नावाने येते. एकेक कोपरा निवडायचा आणि बाणांनी पडद्याच्या कोपऱ्यावर नेऊन बसवायचा. सपाट पृष्ठभागासाठी चार कोपरे पुरतात, कारण चार बिंदू ठरले की सपाटावरचा सगळा तिरकेपणा गणिताने ठरतो. पाचव्या बिंदूची गरजच नसते. एक सूचना: पडदाच वाकडा टांगलेला असेल तर कोपरे त्याला जुळवून चित्र वाकडंच राहणार. आधी ओळंबा सोडून पडद्याची कड तपासा.

ऑटो कीस्टोनवर मात्र माझा फार भरवसा नाही. अनेक मशीनमध्ये हे काम झुकाव मोजणाऱ्या सेन्सरवर चालतं. मशीन जमिनीशी किती अंशांत आहे हे त्याला कळतं. भिंत कुठे आहे, पडदा सरळ आहे का, हे कळत नाही. कॅमेरा असलेली मशीन याहून हुशार असतात. पण स्टुलाला धक्का लागला की चित्र आपोआप हलायला लागतं, आणि भर कार्यक्रमात ते फार वाईट दिसतं. एकदा जागा पक्की झाली की ऑटो बंद करावं.

दोन गोष्टी कोणत्याच डिजिटल दुरुस्तीने सुटत नाहीत. पहिली फोकस: तिरक्या मशीनचा एक काठ तीक्ष्ण केला की दुसरा मऊ राहतो. दुसरी उजेड: लांबच्या काठावर तेवढाच प्रकाश जास्त जागेत पसरतो, म्हणून तो भाग मंद दिसतो. मॅपिंग सॉफ्टवेअर विकत घेऊन हे दोन्ही सुटेल या आशेवर असाल, तर पैसे वाचवा आणि घडवंची घ्या.

अख्खा डेस्कटॉप वाकवणं

ही वाट थोडक्यात उरकतो, कारण फार थोड्यांच्या कामाची आहे. विंडोज आणि मॅकमध्ये डेस्कटॉपचे चार कोपरे ओढायची सोय अंगची नाही. लिनक्सवर, स्क्रीन चालवायच्या जुन्या एक्स११ पद्धतीत, एक्सरँडआर या कमांडच्या ट्रान्सफॉर्म पर्यायाला नऊ आकडे देऊन अख्खा स्क्रीन तिरका करता येतो. फुकट आहे, चालतं, पण ते नऊ आकडे काढायला गणिताची आवड लागते. विंडोजसाठी इमर्सिव्ह डिस्प्ले प्रो सारखी विकतची सॉफ्टवेअर अख्खा डेस्कटॉप वाकवतात. ती मुख्यतः वक्र पडद्याच्या सिम्युलेटरवाल्यांसाठी आहेत. सोसायटीच्या हॉलला यातलं काही नको.

या टप्प्यावर नको त्या दुरुस्त्या करण्याआधी एक साधी गोष्ट तपासा. ‘चित्र ताणलेलं दिसतंय’ ही तक्रार पुष्कळदा तिरकेपणाची नसतेच. विंडोजची कळ आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडलं की लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच रिझोल्यूशनवर येतात, आणि १०२४ बाय ७६८ च्या जुन्या प्रोजेक्टरवर रुंद स्क्रीन दाबला जातो किंवा वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. ‘एक्स्टेंड’ निवडा आणि दुसऱ्या स्क्रीनला प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन द्या. खोक्यावर ‘१०८०पी सपोर्टेड’ लिहिलेलं असलं तरी आतली चिप १२८० बाय ७२० किंवा त्याहून लहान असू शकते. ‘नेटिव्ह’ शब्दापुढचा आकडा खरा.

मॅपिंग सॉफ्टवेअर: कोणाला खरंच लागतं?

पृष्ठभाग सपाट नसेल, एकाच प्रोजेक्टरमधून वेगवेगळ्या आकारांवर वेगळी चित्रं हवी असतील, किंवा दोन प्रोजेक्टर मिळून एक चित्र करायचं असेल, तेव्हा रिमोटचं काम संपतं. गणपतीच्या देखाव्यात मंदिराच्या प्रतिकृतीच्या खांबांवर, कमानीवर आणि शिखरावर वेगळी हालचाल हवी असते. तिथे चार कोपरे पुरणार नाहीत.

सुरुवातीला फुकटात हात बसवायचा असेल तर मॅपमॅप. मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, चित्र किंवा व्हिडिओ घेऊन चौकोन, त्रिकोण ओढून बसवता येतात. हेवीएम शिकायला सोपं आहे आणि त्यात तयार दृश्य-इफेक्टही मिळतात, म्हणून देखाव्यासाठी स्वतः व्हिडिओ बनवता येत नसलेल्यांना ते आवडेल. मॅडमॅपर आणि रेझोल्यूम ही व्यावसायिकांची हत्यारं. रेझोल्यूम घेताना फसू नका: मॅपिंग आणि दोन प्रोजेक्टरची सांधणी अरीना या महागड्या आवृत्तीत आहे, अव्हेन्यूमध्ये नाही. चाचणीसाठी ते मोफत चालतं, पण चित्रावर खूण येते. टचडिझायनरची बिगर-व्यावसायिक आवृत्ती फुकट आहे आणि १२८० बाय १२८० पिक्सेलपर्यंतच चालते. तुमचा प्रोजेक्टर १२८० बाय ८०० चा असेल तर ही मर्यादा तुम्हाला बोचणारच नाही. शिकायला मात्र ते यातलं सगळ्यात अवघड. ओबीएस पुष्कळांकडे आधीच असतं. त्यात चित्र कापता, फिरवता, लहान-मोठं करता येतं आणि दुसऱ्या स्क्रीनवर पूर्ण टाकता येतं, पण कोपरे ओढायला वेगळं प्लगइन घालावं लागतं.

या सगळ्यांची एकच मोठी अडचण, आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही: दुरुस्ती फक्त त्या सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या चित्राला लागू होते. प्रमुख पाहुण्यांनी ऐनवेळी स्वतःचा लॅपटॉप एचडीएमआयला लावला की चित्र पुन्हा तिरकं. चालू पॉवरपॉइंट आत घ्यायचं तर एनडीआय किंवा स्पाउटसारखा, एका प्रोग्रामचं चित्र दुसऱ्यात नेणारा पूल बांधावा लागतो, आणि लॅपटॉपवरचं ओझं वाढतं. मेनूतली दुरुस्ती मात्र जे येईल त्याला लागू होते, सेट-टॉप बॉक्सलासुद्धा.

कोणी काय निवडावं

वर्गखोलीसाठी शॉर्ट थ्रो (कमी अंतरावरून मोठं चित्र टाकणारं) मशीन, पक्कं टांगलेलं आणि शक्य तितकं काटकोनात. उरलेलं चार कोपऱ्यांनी. एप्सन असेल तर त्यांचं आयप्रोजेक्शन हे मोफत अॅप मोबाइल आणि लॅपटॉपवरून चित्र पाठवायला चांगलं आहे. भिंतीला चिकटून ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो घेणार असाल तर भिंत बघा: काही मिलिमीटरचा फुगवटाही त्यात सरळ रेषेला लाट आणतो, आणि कापडी पडदा तर पंख्याच्या वाऱ्यानेही डुलतो. त्याला ताठ फ्रेमचा पडदाच हवा.

घरी सिनेमासाठी लेन्स शिफ्ट, आणि कीस्टोन शून्यावर.

नाटकासाठी उत्तर गुंतागुंतीचं आहे. समोरून टाकलं तर नटांच्या सावल्या पडतात. मागून टाकायचं तर सहा मीटर रुंद सायक्लोरामासाठी (रंगमंचामागच्या मोठ्या पडद्यासाठी) १.५ चा प्रोजेक्टर नऊ मीटर मागे हवा, आणि आपल्याकडच्या बहुतेक नाट्यगृहांत पडद्यामागे एवढी जागा मिळायची नाही. ०.५ चा शॉर्ट थ्रो तीन मीटरमध्ये भागवतो. उरतं वरच्या, दिवे टांगायच्या बारवरून तिरकं टाकणं. इथे मॅक असेल तर क्यूलॅब हे सॉफ्टवेअर बघा: प्रकाश-ध्वनीच्या क्यूबरोबर (ठरल्या क्षणी करायच्या बदलांबरोबर) व्हिडिओचे क्यूही एकाच बटणावर येतात, पृष्ठभागाचे कोपरे ओढता येतात, आणि लायसन्स दिवसाच्या भाड्याने मिळतं. मोजके प्रयोग करणाऱ्या हौशी संस्थेला ते परवडतं. नाट्यस्पर्धेत सेट लावायला मोजकाच वेळ मिळतो, म्हणून कोपरे बसवण्याची तालीमही करून ठेवावी. विंडोजवाल्यांनी मॅपमॅपने सुरुवात करावी, आणि एकच सपाट पडदा असेल तर तेही नको, रिमोटने कोपरे बसवून मोकळं व्हावं.

मंडळांना देखाव्यासाठी मॅपिंग करावंच लागेल, पण दहा दिवस मंडप हलतो, खांब सरकतो, कुणीतरी शिडी टेकवतो. रोज संध्याकाळी जाळीचं चाचणी-चित्र टाकून कोपरे तपासणारा एक माणूस ठरवा. मॅपिंगची फाइल पेनड्राइव्हवरही ठेवा. वीज गेली तर लॅपटॉप परत सुरू होताना दुसरा स्क्रीन ‘डुप्लिकेट’वर तर गेला नाही ना, हे आधी बघा, मॅपिंग बिघडलं असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं. आणि प्रोजेक्टरचा मेनू लॉक करून रिमोट मंडपातल्या टेबलावर न ठेवता त्याच माणसाच्या खिशात द्या.