गूगल क्लासरूम की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप?

मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा हे दोन्ही मार्ग हाताशी होते. स्टाफरूममधला वाद अजून मिटलेला नाही.

शिक्षक म्हणून मी क्लासरूमच्या बाजूने. 60 जणांच्या असाइनमेंट एका पानावर दिसतात: कोणी दिली, कोणाची उशिरा आली, कोणाची बाकी. त्यावरचा खासगी शेरा फक्त त्या मुलालाच दिसतो, चारचौघांत मान खाली जात नाही. ग्रुपवर मात्र वहीच्या पानांचे तिरपे फोटो 'गुड मॉर्निंग'खाली गाडले जातात. शिवाय मुलींचे नंबर सगळ्या वर्गाच्या हाती पडतात, हे मला फार खटकतं.

मुलांचं म्हणणं वेगळं, आणि ते खोटं नाही. नोट्स बघायला वेगळं अ‍ॅप उघडा, पासवर्ड आठवा; त्यात गावाकडे रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. ग्रुपवर रात्री 10 ला शंका विचारली तरी कुणीतरी वर्गमित्र उत्तर देतोच. क्लासरूमच्या स्ट्रीमवर, म्हणजे सगळ्या वर्गाला दिसणाऱ्या पानावर, 'सर, हे कळलं नाही' असं लिहायला त्यांचा धीर होत नाही.

म्हणून सूचना मी ग्रुपवर टाकतो. काम आणि गुण मात्र क्लासरूमवरच.