एअरलाईनचं क्रेडिट कार्ड घेताय? मग आधी बारीक अक्षरातलं वाचा

काही वर्षं एका एअरलाईनचं को-ब्रँडेड, म्हणजे बँक आणि एअरलाईनने मिळून काढलेलं, क्रेडिट कार्ड वापरतोय. कार्ड चांगलंय, पण जाहिरातीत ज्याचा गाजावाजा असतो त्या माईल्ससाठी, म्हणजे तिकिटावर वापरता येणाऱ्या पॉइंट्ससाठी, नाही. माझे खरे पैसे वाचतात ते चेक-इन बॅगेत, ती या कार्डावर फ्री जाते.

आधी वेलकम बोनस, म्हणजे नवीन कार्डावर मिळणारे जादा माईल्स. तीन महिन्यांत ठराविक खर्च केला की मिळतो, पण हे तीन महिने बऱ्याच ठिकाणी कार्ड मंजूर झालं त्या दिवसापासून मोजतात, कार्ड हातात पडलं त्या दिवसापासून नाही. ॲन्युअल फी, व्याज, एटीएममधून काढलेली कॅश यातलं काही त्या खर्चात धरत नाहीत, आणि एखादी वस्तू परत केली की तेवढी रक्कम वजा होते, म्हणून टार्गेटच्या थोडं पुढे जाऊनच थांबा.

आता माईल्स. अमेरिकन एअरलाईन्सने 1981 मध्ये ॲडव्हांटेज ही माईल्सची योजना सुरू केली तेव्हा माईल्स विमानात बसून मिळायचे, आता एअरलाईन्स ते बँकांना चक्क विकतात आणि बँका आपल्याला वाटतात. हा धंदा एवढा मोठाय की 2020 मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाईन्सने मायलेजप्लस ही आपली माईल्सची योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. पण माईलची किंमत एअरलाईनच ठरवते आणि तिला वाटेल तेव्हा बदलते. डेल्टा एअरलाईनने 2015 मध्ये कुठल्या तिकिटाला किती माईल्स लागतील तो तक्ताच काढून टाकला.

रिवॉर्ड तिकीट, म्हणजे माईल्सवरचं, काढायला बसलात की हे लगेच दिसतं. कॅलेंडरमध्ये मधल्या वारी आकडा बरा असतो, सुट्टीच्या तारखांना तो कुठच्या कुठे जातो. तारीख निवडून पुढे गेलं की शेवटच्या स्क्रीनवर टॅक्स आणि काही एअरलाईन्सवर फ्युएल सरचार्जसुद्धा, तो रोख भरायचा. समजा तिकीट 10,000 चं आहे, 14,000 माईल्स आणि वर 3,000 रोख मागतायत, तर तुमच्या 14,000 माईल्सनी 7,000 च वाचवले, म्हणजे एका माईलला अर्धा रुपया. हा हिशोब दर वेळी करा, कॅशचं तिकीट सेलमध्ये असेल तर माईल्सना हातही लावू नका.

बॅगेचं मात्र तसं नाही. दर फेरीला बॅगेचे पैसे वाचतात ते सरळ दिसतात आणि सोबत त्याच बुकिंगवर असलेल्यांच्याही बॅगा बऱ्याच कार्डांवर फ्री असतात. फक्त अटी बघा: काही कार्डांना तिकीट त्याच कार्डाने काढलेलं लागतं, बुकिंगमध्ये मेंबरशिप नंबर टाकलेला लागतो, आणि कोडशेअर असेल, म्हणजे तिकिटावर नाव एका एअरलाईनचं आणि विमान दुसरीचं, तर बॅगेचे पैसे बहुधा भरावेच लागतात. मी बुकिंग झाल्यावर "ऑपरेटेड बाय" ही ओळ आधी बघतो, तुम्हीही बघा.

कार्डावर मिळणाऱ्या एअरपोर्ट लाउंजवर फार भरवसा ठेवू नका. डेल्टाच्या रिझर्व्ह कार्डावर फेब्रुवारी 2025 पासून वर्षाला 15 च व्हिजिट्स आहेत, पुढे अमर्याद हव्यात तर कार्डावर भरपूर खर्च दाखवावा लागतो. गर्दी वाढली की बाकीचेही असंच करतात.

परदेशात स्वाइप करायचं असेल तर फॉरेन ट्रान्झॅक्शन फी आधी बघा, 3 टक्क्यांच्या आसपास असेल तर मिळालेले माईल्स त्यातच जातात. आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरणं जमत नसेल तर हे कार्ड घेऊच नका, व्याजापुढे कुठलाही बोनस टिकत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. वर्षातून दोन-तीनदा त्याच एअरलाईनने बॅगा घेऊन जाणाऱ्यांनी जरूर घ्यावं. रिन्यूअलच्या महिनाभर आधी बँकेला फोन करून फी माफ होते का ते नक्की विचारा, आणि बंदच करायचं असेल तर पहिल्या वर्षात करू नका, काही बँका दिलेला बोनस परत काढून घेतात.