क्रिकेटची ‘आयडी’: भावातली फट, सेशनची मेख आणि अडकणारे पैसे

आयपीएल तोंडावर आली की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे मोबाईलवर एकाच साच्याचे मेसेज फिरू लागतात: नवी आयडी घ्या, 500 पासून सुरुवात, पैसे दहा मिनिटांत खात्यात. आयडी म्हणजे एजंटकडून मिळणारं ऑनलाइन सट्ट्याचं लॉगिन, आणि हे परीक्षण त्या सेवेचं आहे. कुणा एकाचं नाव घेत नाही, कारण नाव दर हंगामाला बदलतं आणि आतलं पॅनेल, म्हणजे बेट लावायचा पडदा, बहुतेक ठिकाणी त्याच धाटणीचं असतं. निकाल आधीच सांगतो. पडद्याची मांडणी सोपी आहे, सामन्याचा भाव वरवर वाजवी असतो, सेशन, म्हणजे ठरावीक ओव्हरमधल्या धावांवरची पैज, महाग पडतं, बोनस म्हणजे बोनस नव्हेच, आणि पैसे परत मिळण्याची काहीही हमी नाही. पैसे ठेवावेत अशी ही सेवा नाही. का, ते समजायला पॅनेलवरचे शब्द आणि त्यामागचा हिशोब पाहावा लागेल.

सामना उघडला की प्रत्येक संघासमोर दोन चौकोन दिसतात, निळा आणि गुलाबी. निळा म्हणजे बॅक, आपल्या बोलीत लावणे. गुलाबी म्हणजे ले, बोलीत खाणे. भाव पैशांत सांगायची पद्धत आहे. ‘चेन्नई 60-62’ म्हटलं तर 60 लावायचा भाव आणि 62 खायचा. चेन्नईवर 100 लावले आणि ती जिंकली तर 60 मिळतात, हरली तर 100 जातात. खाल्लं तर उलट: चेन्नई हरली की 100 मिळतात, जिंकली की 62 भरायचे. पडद्यावर हाच भाव 1.60 आणि 1.62 असा दशांशात असतो, त्यात मुद्दल धरलेली असते. परदेशी साइटवर 10/11 (11 लावून 10 फायदा) किंवा −110 (100 मिळवायला 110 लावायचे) असे आकडे दिसतात. दोन्हींचा दशांश भाव साधारण 1.91.

भाव स्वस्त की महाग हे ठरवायला एकच भागाकार पुरतो. 1 ला दशांश भावाने भागलं की त्या भावात गृहीत धरलेली जिंकण्याची शक्यता निघते. 1.60 म्हणजे 62.5 टक्के. 62 ने खाल्लं म्हणजे 100 मिळवायला 62 धोक्यात घातले, म्हणून समोरच्या संघाची शक्यता 62 भागिले 162, म्हणजे 38.3 टक्के. बेरीज 100.8. शंभरच्या वरचा हा भाग म्हणजे सेवा देणाऱ्याची कमाई. जळगावच्या सराफ बाजारात जाणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको: सोनं घ्यायचा भाव एक, मोडायचा दुसरा, आणि मधली फट दुकानाची. सराफाकडे निदान सोनं घरी येतं.

सामन्याच्या भावात ही फट पाऊण टक्का असते, म्हणून लोक म्हणतात की पॅनेल चोख आहे. टॉसकडे बघा. नाणं दोन्ही बाजूंना सारखंच पडतं, म्हणजे खरा भाव 2.00 हवा. दोन्हीकडे 1.90 दिला असेल तर बेरीज 105.3 होते, आणि दर 1,000 रुपयांमागे सरासरी 50 रुपये जातात. महिनाभरात 500 च्या 40 टॉस लावल्या तर उलाढाल 20,000 आणि अपेक्षित तोटा 1,000. नशीब एखाद्या महिन्यात साथ देईल, पण हा आकडा वाकत नाही.

खाण्याच्या बाबतीत नवख्याची हमखास होणारी चूक एक्स्पोजरची. एक्स्पोजर म्हणजे सामना पूर्ण उलटा गेला तर तुमच्या खात्यातून जाणारी सगळ्यात मोठी रक्कम. 8.00 भाव असलेल्या कमजोर संघावर 1,000 ‘खाल्ले’ तर तो संघ हरल्यावर 1,000 मिळतात, पण तो संघ जिंकला तर 7,000 जातात. चौकोनात 1,000 भरले म्हणून धोकाही 1,000 असं मानणारा इथे बुडतो. बेट पक्की करायच्या आधी एक्स्पोजरचा आकडा वाचणं हा पहिला नियम.

आता सेशन. ‘भाऊ, सेशन काय शे?’ हा प्रश्न पहिल्या ओव्हरपासून सुरू होतो, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. पहिल्या 6 ओव्हरच्या धावांवर पॅनेल 48-49 असा आकडा देतं. नो 48, येस 49, दोन्हींना शंभराला शंभर. येस घेतलं तर 49 किंवा जास्त धावा हव्यात. नो घेतलं तर 48 पेक्षा कमी, म्हणजे 47 पर्यंत. बरोबर 48 झाल्या तर? येसवाला हरला, कारण 49 गाठले नाहीत. नोवाला हरला, कारण 48 गाठले. दोघांचे पैसे एकाच खिशात. नेमक्या 48 होण्याची शक्यता 4 टक्के धरली तर दर 100 रुपयांमागे सरासरी 4 रुपये गेले. शंभराला शंभर ऐकून बरोबरीचा खेळ वाटतो, पण तो बरोबरीचा नाही.

दुसरा प्रकार आणखी बारीक. आकडा एकच, 49-49, पण नोचा भाव 110 आणि येसचा 90. येस जिंकलं तर 100 ला 90 मिळतात. नोला 100 मिळवायला 110 धोक्यात. येस 52.6 टक्के, नो 52.4 टक्के, बेरीज 105. ‘आकड्यात फट नाही’ म्हणून खूश होऊ नये, फट भावात सरकवलेली असते.

सेशनचा पडदा जवळून बघण्यासारखा आहे. गोलंदाज धावायला लागला की चौकोन राखाडी होतात आणि त्यांवर ‘बॉल रनिंग’ येतं. चेंडू संपला की आकडा बदललेला असतो. टीव्हीवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, मोबाईलवरचं त्याहून मागे. आकडा बदलणाऱ्याकडे जलद माहिती असते, तुमच्याकडे शिळी. चौकार बघून तुम्ही येस दाबता तेव्हा तो चौकार आकड्यात आधीच धरलेला असतो. त्यातून बेट स्वीकारायला दोन-चार सेकंदांचा विलंब असतो, आणि त्या वेळात भाव तुमच्या बाजूला वळला तर बेट नाकारली जाते. चालू सामन्यात लावण्याचा खरा तोटा फटीपेक्षा या उशिरात आहे.

नियमांचं पान इंग्रजीत, बारीक अक्षरात आणि तळाशी असतं. त्यातल्या चार गोष्टी वादाचं मूळ आहेत. टी-20 त प्रत्येक संघाला निदान 5 ओव्हर खेळायला मिळाल्याशिवाय सहसा निकाल लागत नाही, मग सामन्याच्या बेटा रद्द होऊन मुद्दल परत येते. पण पावसाआधी पूर्ण झालेल्या सेशनच्या बेटा ग्राह्यच राहतात. टाय झाला तर सामन्याच्या बेटांना सुपर ओव्हरचा निकाल लागतो, पण एकूण धावांच्या बेटांत बहुधा सुपर ओव्हरच्या धावा धरत नाहीत. सर्वाधिक धावा करणारे दोघं निघाले तर डेड हीट: 5.00 च्या भावाने 1,000 लावले असतील तर निम्मे 500 धरून 2,500 मिळतात, 5,000 नाही. आणि ‘पाल्पेबल एरर’ या नावाखाली चुकीचा भाव दाखवला असं सांगून जिंकलेली बेट मागाहून रद्द करायचा अधिकार सेवा देणाऱ्याने राखलेला असतो. हरलेली बेट त्याच कारणाने परत केल्याचं सहसा ऐकू येत नाही.

कबड्डी आणि फुटबॉलमध्ये हॅन्डिकॅप भेटतो. −4.5 म्हणजे तुमच्या संघाने निदान 5 गुणांनी जिंकायला हवं. फुटबॉलचा −0.75 म्हणजे पैसे दोन भागांत, निम्मे −0.5 वर आणि निम्मे −1 वर. संघ एका गोलने जिंकला तर पहिला भाग जिंकतो आणि दुसऱ्याची फक्त मुद्दल परत येते.

अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे चार-पाच सामने एका साखळीत, सगळे जमले तरच पैसे. 1.90 च्या चार बेटांची साखळी 13.03 ला पोहोचते. खरा भाव 2.00 चा असता तर 16 मिळायला हवे होते. एका बेटीत 5 टक्के जाणारी फट चार बेटांत साडेअठरा टक्के झाली. जाहिरातीत नेमकी हीच बेट मोठ्या अक्षरात का असते, ते या गुणाकारात दिसतं.

कॅश आउटचा, म्हणजे सामना संपायच्या आधी बेट मोडून पैसे घेण्याचा, भावही काढता येतो. 3.00 ला 1,000 लावले, आता भाव 1.50 झाला, तर बेटीची वाजवी किंमत 3,000 भागिले 1.50, म्हणजे 2,000. बटणावर 1,850 दिसत असतील तर 150 त्याने कापले. तोच संघ 1.50 ला 2,000 चा खाल्ला तर दोन्ही निकालांत 1,000 फायदा उरतो. याला बुक सेट करणं म्हणतात.

बोनसची अट वाचल्याशिवाय ‘100 टक्के बोनस’ला हात लावू नये. 5,000 भरले, 5,000 बोनस मिळाला, आणि अट ‘दहापट रोलओव्हर, ठेव अधिक बोनस’ अशी असेल तर पैसे काढायच्या आधी 1,00,000 ची उलाढाल करावी लागते. 5 टक्के फटीने त्यात सरासरी 5,000 जातात. बोनस तेवढाच होता. त्यावर किमान भावाची आणि मुदतीची अट वेगळी.

आता पैसे काढण्याकडे येऊ, कारण सेवा म्हणून खरी कसोटी तिथेच. आयडी देणाऱ्या एजंटची पार्टनरशिप असते: तुमच्या हरण्यातला ठरावीक वाटा त्याचा, तुमच्या जिंकण्यातला त्याच्या अंगावर. तुमचे पैसे वेळेत द्यावेत असा त्याचा कुठलाच फायदा नाही. उधारीच्या आयडीत तर सोमवारी हिशोब, आणि हरलेल्याच्या घरी माणूस येतो. पैसे भरायचं खातं दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावाचं, तेही बहुधा भाड्याने घेतलेलं. अशा खात्यातून तुमच्याकडे रक्कम आली आणि त्या खात्यावर सायबर तक्रार असली तर तुमचंही खातं गोठतं. केळी-कापसाचे पैसे येणारं खातं यात अडकलं तर हंगाम बसतो.

कोर्टात जायची सोय नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, जिंकलेली रक्कम वसूल करता येत नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला: असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षे आणि 50 लाख. चार ओळखीच्यांना आयडी ‘मिळवून देणाऱ्या’ पोरांनी हे नीट वाचावं, कारण तेव्हा ते खेळणारे राहत नाहीत. घोड्यांच्या शर्यतीचं मात्र वेगळं: 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कौशल्याचा खेळ मानलं आणि मुंबईत महालक्ष्मीला, पुण्यात टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटायची पद्धत) कायदेशीर पैसे लावता येतात.

आयडी आधीच घेतली असेल आणि पैसे अडकले असतील तर ‘आणखी भरा म्हणजे आधीचे सुटतील’ या मागणीला एक रुपयाही देऊ नका. कर, पडताळणी, खातं चालू करण्याची फी, नाव काहीही असो. पैसे भरल्याचे यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचे क्रमांक), समोरच्या खात्याचं नाव, एजंटचा नंबर आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट आयडी बंद व्हायच्या आधी काढून ठेवा, कारण लॉगिन बंद झालं की बेटांचा इतिहासही जातो. तक्रार सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर करायची, जितकी लवकर तितकं पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि घरात कुणाचा हात थांबत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.