पहिल्या संक्रांतीचा तयार संच: दागिने घ्या, बाकीचं सोडा

घरात नवी सून आली असेल किंवा बाळाची पहिलीच संक्रांत असेल, तर डिसेंबर लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास एक फोटो येऊन पडतो. काळ्या मखमलीवर मांडलेले पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने, शेजारी पाच सुगडं, वाणाच्या पुड्या, आणि खाली ‘पहिली संक्रांत, सगळं एकाच बॉक्समध्ये’. घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायका, दादर-तुळशीबागेतली दुकानं, ऑनलाइन विक्रेते, सगळ्यांकडे असे संच मिळतात. किंमत काही शेकड्यांपासून अडीच-तीन हजारांपर्यंत कुठेही असते. फोटोत सगळे सारखेच दिसतात. फरक कळतो तो दागिना उलटा करून पाहिल्यावर.

बॉक्समधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे दागिने, आणि दागिन्यांचं मोल हलव्यात. खरा काटेरी हलवा करायचं काम चिकाटीचं आहे. खसखस, साबुदाणा, तीळ किंवा मगज बी परातीत घेऊन अगदी मंद आचेवर ठेवायची, त्यावर साखरेचा पातळ पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी सतत फिरवत राहायचं. एक थर सुकला की दुसरा. पाक एकदम जास्त पडला तर दाण्यांचे गोळे होतात, आच वाढली तर रंग पिवळट येतो आणि काटा बसतच नाही. हवा कोरडी आणि थंड हवी. ढगाळ दिवशी आलेला काटासुद्धा विरघळून गुळगुळीत होतो. म्हणून हे काम दोन-तीन दिवस चालतं, आणि म्हणूनच ‘आज ऑर्डर, परवा घरी’ असं सांगणाऱ्याकडचा माल बहुतेक वेळा यंत्रावर फिरवलेला गोल, गुळगुळीत हलवा असतो. तो वाईट नाही, खाल्ला तर साखरच आहे. पण काटेरीच्या भावात तो घ्यायचं कारण नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे प्लॅस्टिकचे मणी किंवा थर्माकोलचे दाणे मधेमधे पेरलेले दागिने. लांबून ओळखू येत नाहीत. संचासोबत सुटे पडलेले दोन-चार दाणे असतातच, त्यातला एक वाटीभर कोमट पाण्यात टाका. खरा हलवा काही मिनिटांत विरघळतो आणि तळाशी खसखशीचा किंवा तिळाचा दाणा उरतो. थर्माकोल वर तरंगत राहतो, प्लॅस्टिक तसंच्या तसं राहतं.

आता दागिना उलटा करा. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीत दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवून माळ करतात. असा हार हातात घेतला की लवतो, गळ्यावर नीट बसतो आणि एखादा दाणा गळला तरी शेजारचे जागेवर राहतात. हल्ली बहुतेक दागिने पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून त्यावर गोंदाने चिकटवलेले असतात. बाजूबंद, बिंदी, कंबरपट्ट्याचं मधलं पान यांना ते चालतं. हाराला चालत नाही. पुठ्ठ्याचा हार छातीवर ताठ उभा राहतो आणि नवरी वाकून नमस्कार करायला लागली की मधोमध मोडतो. किमान हार, तन्मणी आणि मंगळसूत्र गाठींचं असेल तरच जास्तीचे पैसे द्यावेत. विक्रेतीकडे समोरच्या फोटोबरोबर मागच्या बाजूचाही फोटो मागा. तो पाठवायला जिची टाळाटाळ, तिचा माल पुठ्ठ्याचा समजावा.

मापाची गडबड दर संक्रांतीला होते. बांगड्यांवर दोरा आतून गुंडाळलेला असला तर बांगडी आतून लहान होते. नेहमीचं माप २-४ असेल तर २-६ मागावी, नाहीतर साबण लावून चढवायची पाळी येते आणि साबणाच्या पाण्यात हलव्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. कंबरपट्ट्याचं माप साडीवरून घ्यावं, कारण निऱ्यांची जाडी तीन-चार इंच सहज खाते. हुकापेक्षा साटिनच्या फितीने मागे बांधायचे दागिने सोयीचे, कोणालाही बसतात. नथ चापाची हवी. तारेची नथ टोचते, आणि नाक टोचलेलं नसेल तर बसतच नाही. कानातले जड असतात, ते वेलाने केसांत अडकवता येतात की नाही हे विचारून घ्या.

जावयाच्या संचात हार, अंगठी, घड्याळ आणि हलव्याने मढवलेला नारळ असतो. घड्याळावर सगळे हसतात, फोटो मात्र त्याचाच आधी काढतात. नारळ खरा असेल तर कुरिअरच्या डब्यात तो वेगळा बांधून आला पाहिजे. नाहीतर प्रवासभर तो गडगडत राहतो आणि शेजारच्या मुकुटाचा चुरा होतो.

घालताना क्रम पाळला तर दाणे कमी गळतात. साडी पिना लावून पूर्ण झाल्यावर आधी कंबरपट्टा, मग हार, मग बाजूबंद आणि बांगड्या, नथ सगळ्यात शेवटी. अत्तर किंवा बॉडी स्प्रे मारायचा असेल तर दागिन्यांच्या आधी. घामाने आणि स्प्रेने हलवा चिकट होतो, आणि काळ्या साडीवर त्याचे पांढरे चट्टे उठतात. ते झटकले की पसरतात. साडीचं कापड पाणी सोसणारं असेल तर ओल्या फडक्याने टिपले की जातात, कारण शेवटी ती साखर आहे. तन्मणी किंवा ठुशी गळ्याला थेट लागते, तिच्या आतल्या बाजूला पातळ कापडाची पट्टी शिवून दिली आहे का पाहा. ही पट्टी देणारी विक्रेती जाणकार समजायची. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. काळ्यावरचा पांढरा हलवा फ्लॅशने नुसता डाग दिसतो, खिडकीच्या तिरक्या उजेडात काटे दिसतात.

संच आठ-दहा दिवस आधी येतो, तोवर ठेवायचा कुठे? फ्रिजमध्ये नको. बाहेर काढल्यावर गार दाण्यावर हवेतली वाफ धरते आणि अर्ध्या तासात सगळं चिकटतं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या किंवा कोरड्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवावा. मुंबई-कोकणात हे कराच, पुण्या-नाशकात हवा कोरडी म्हणून थोडी सूट. डबा मुंग्यांच्या वाटेपासून लांब, उंचावर. संचात सुट्या हलव्याची छोटी पुडी आणि गोंदाची ट्यूब देणारी विक्रेती असेल तर तिचा नंबर जपून ठेवा.

बाळाच्या संचाबद्दल मत एवढं चांगलं नाही. मुकुट, बासरी, हार, मनगट्या, सगळं गोड दिसतं, पण वर्षाचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि या दाण्यांना गोंद असतो. दागिने फोटोपुरते, दहा मिनिटं, टाचणी अजिबात नसलेले. खरी काळजी बोरन्हाणाच्या पुडीची. त्यात बोरं, हरभरे, शेंगदाणे, रेवड्या, हलवा, गोळ्या सगळं एकत्र बांधून येतं. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात शेंगदाणा, हरभरा किंवा कडक गोळी अडकू शकते. बाळाच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे सोडावेत, बाकीचं परातीत बाजूला ठेवून गोळा करायला जमलेल्या मोठ्या मुलांना द्यावं. उसाचे करवे सालासकट असतात, सालीच्या कडेने कापतं. बोरं तर उंचावरून टाकायचीच नाहीत. एवढी निवडानिवड करायचीच आहे तर पुडी कशाला, बाजारातून चुरमुरे आणि मूठभर बोरं आणली की झालं.

सुगडांची पिशवी सरळ नाकारावी. प्लॅस्टिकमध्ये सील केलेलं गाजर, बोरं आणि हरभऱ्याचे घाटे घाम धरतात आणि तिसऱ्या दिवशी बुरशी येते. सोबतची रंगवलेली सुगडं तोंडाला इतकी अरुंद की करवा आत जात नाही. भोगीच्या आदल्या दिवशी कुंभाराकडून साधी काळी सुगडं घ्या, बोटाने वाजवून खणखणीत आवाज येतो ती.

वाणाचं एक सांगायचं म्हणजे मोजदाद. बॉक्समध्ये २५ नग असतात. सोसायटीत तेवढ्या बायका दुपारीच येऊन जातात आणि संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरातून वाट्या शोधून आणतात. दहा नग जास्त मागवा. कुंकवाच्या पुड्या स्वस्तातल्या असतील तर त्यातल्या कृत्रिम रंगाने कपाळाला खाज सुटू शकते, त्या न वापरता घरातला करंडाच फिरवलेला बरा.

आता घरातल्या कटकटीकडे येऊ, कारण हा बॉक्स ती सोडवत नाही, उलट वाढवतो. पहिला प्रश्न, संच कोणी घ्यायचा? बऱ्याच घरांत सुनेचे दागिने सासू करते आणि जावयाचे सासरवाडी. काही घरांत सगळंच माहेरून येतं. दोन्हीकडच्यांनी आपापल्या रिवाजाप्रमाणे मुकाट्याने ऑर्डर दिली की एका सुनेला दोन हार आणि जावयाला एकही नारळ नाही, अशी गंमत होते. ऑर्डरच्या आधी विहीणबाईंना एक फोन करावा, आणि तो सासूने करावा, सुनेवर ढकलू नये. दुसरी कटकट यंदाच्या संक्रांतीच्या रंगाची. पंचांगात संक्रांतीचं वाहन, वस्त्र वगैरे दिलेलं असतं आणि तिचं वस्त्र ज्या रंगाचं तो रंग टाळायचा, अशी समजूत आहे. काही विक्रेते त्याचा कागद बॉक्समध्ये घालतात. त्यावरून ‘एकच मुलगा असलेल्यांनी अमुक करावं’ अशा अफवा मोबाइलवर फिरतात आणि सासू-सून ऐन वेळी साडी बदलण्यावरून अडून बसतात. हा कागद आला तर फेकून द्या. साडी आधीच ठरलेली असते.

सगळ्यात खटकणारी वस्तू सगळ्यात स्वस्त आहे: निमंत्रणाची पत्रिका. मोबाइलवर पाठवायचं तयार चित्र, वर कमळ, खाली करंडा, आणि मजकूर ‘फक्त सुवासिनींसाठी’. हे चित्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की चौथ्या मजल्यावरच्या, नवरा गेलेल्या बाईला ते वाचून घरात बसावं लागतं. कधी ती बाई नवरीची स्वतःची आई असते. लेकीच्या अंगावर हलव्याचा हार चढताना आईने आतल्या खोलीत थांबायचं, हे अजून घडतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींनी तसं करावं असं परिपत्रक काढलं. त्यात मुख्य रोख कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं यांवर होता. पत्रिकेतली एक ओळ बदलायला ठरावाचीही गरज नाही. विक्रेतीला नवा मजकूर पाठवा, बदलून देतात: ‘संक्रांतीच्या तिळगुळाला आणि वाणाला सगळ्या जणींनी नक्की या.’

‘सगळ्या जणी’ लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही, अवघड क्षण दारात येतो. हळदीकुंकू लावणारी सून ताट घेऊन उभी, समोर चौथ्या मजल्यावरच्या त्या काकू, आणि सूनबाईचा हात मधेच थांबतो. तो थांबलेला हात सगळ्यांना दिसतो. त्यापेक्षा सगळ्यांनाच ‘लावू का?’ विचारावं आणि करंडा पुढे धरावा. ज्यांना लावून घ्यायचंय त्या कपाळ पुढे करतात, ज्यांना नको त्या नुसती हळद घेतात किंवा हात जोडतात. वाण आणि तिळगूळ मात्र सगळ्यांना तोच, त्याच ताटातला. सासूबाईंना ‘लोक काय म्हणतील’ची धास्ती असेल तर दागिने घालायला सुरुवातच सुनेच्या आईच्या हाताने करून घ्यावी, पाहुण्या यायच्या आत. हार गाठींचा असेल तर फीत मागून बांधायला तसेही दोन हात लागतातच.

ऑर्डर देताना म्हणून एवढंच लिहा: सुनेचे आणि जावयाचे दोन्ही दागिने, हार गाठींचे, मागचा फोटो पाठवा, सुटा हलवा सोबत द्या, बाकी बॉक्स नको. ऑर्डर डिसेंबरच्या मध्यापर्यंत द्या, ढगाळ दिवस आले तरी विक्रेतीला वेळ मिळतो. संक्रांत झाल्यावर रथसप्तमीपर्यंत कुणाच्या हळदीकुंकवाला घालून गेलात तर गेलात, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. पिवळे पडतात आणि पावसाळ्यात डब्यातच पाक होतो. गोंदाच्या दागिन्यांतला हलवा पोरांनी मागितला तरी द्यायचा नाही. खायला सुटी पुडी आहे.