टेम्पोवाल्याची ‘हापूस कलमं’ घेण्याआधी

जूनचा पहिला पाऊस पडला की बदलापूर, नेरळ, कर्जतकडच्या नव्या बंगल्यांच्या गल्ल्यांतून रोपांचे टेम्पो फिरायला लागतात. ‘दापोली विद्यापीठाची खात्रीची कलमे’ असा फ्लेक्स, हौद्यात हिरवीगार रोपं आणि गोड बोलणारा माणूस. अशाच एकाकडून आम्ही दोन हापूस, तीन कोकम आणि कुंपणाच्या कडेला लावायला ‘सावलीची देशी झाडं’ घेतली. आता झाडं मोठी झालीत आणि गळ्यात काय मारलं गेलं ते एकेक करून उघड झालंय.

आंब्यापासून सांगते. रोपाच्या खोडाला वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. “ताई, ही पट्टी म्हणजेच कलमाची खूण. वर्षभर हात लावू नका, नाहीतर सांधा सुटेल,” असं त्यानं बजावलं. सगळी मेख तिथेच होती. खऱ्या कलमात खालचं रोप रायवळ, म्हणजे गावठी आंब्याच्या, कोयीचं असतं, त्यावर हापूसची काडी बसवतात, आणि सांधा जुळला की पट्टी काढायचीच असते. ठेवली तर ती खोडात रुतते. आमच्या रोपांना सांधाच नव्हता. कोयीतून उगवलेल्या रोपाला नुसती पट्टी आवळलेली. आवळल्यामुळे तिथे फुगवटा आला आणि पट्टी काढल्यावरही तोच सांधा वाटत राहिला. हापूसचं कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दाखवतं. आमच्या झाडांनी त्याहून कितीतरी जास्त वाट पाहायला लावली आणि यंदा आंबे धरले ते लहान, धागेदार, आंबटसर. कोय हापूसचीच होती, असं कोणी सांगेल. तरी उपयोग नाही, कारण हापूसच्या कोयीतून हापूस उगवत नाही. रायवळाशी माझं भांडण नाही, त्याचं सासव (मोहरी लावून केलेलं आंब्याचं तोंडीलावणं) झकास होतं. पण अंगणात जागा होती दोनच आंब्यांची.

कोकमात तर आणखी वाईट. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, जायफळासारखीच. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलेपर्यंत ओळखायला काही मार्ग नाही. म्हणूनच मादी झाडाच्या काडीचं कलम घ्यायचं असतं. ‘कोकण अमृता’ ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात अशी कलमानंच वाढवतात. आमच्या झाडांना थंडीत फुलं आली. दोघांवर झुपकेच्या झुपके, मध्ये पुंकेसरांचा पिवळट गठ्ठा, खाली फळाचा पत्ता नाही. दोन्ही नर. तिसऱ्याला थोडी रातांबी (कोकमाची फळं) लागली, तीही बोराएवढी. इतकी वर्षं पाणी, शेणखत, उन्हाळ्यात सावली, सगळं नर झाडांना घातलं.

आणि ती ‘देशी’ झाडं म्हणजे कोनोकार्पस, मुळात परदेशी झाड. भरभर वाढतात हे खरं. मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरली तेव्हा प्लंबरनंच नाव सांगितलं. गुजरातनं २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. आता तोडायचं म्हटलं तर नगरपालिका हद्दीत १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली आधी परवानगी काढा. म्हणजे फसवणारा टेम्पो घेऊन पसार, आणि अर्ज लिहीत बसायचं आम्ही!

चिठ्ठीवरचा त्याचा नंबर बंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण पावतीच नसेल तर कोणाविरुद्ध करणार? महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकेला १९६९ च्या कायद्यानुसार कृषी खात्याचा परवाना लागतो. तो क्रमांक पावतीवर जातीच्या नावासकट लिहून मागा. “साहेब, एवढ्या तेवढ्याला कुठे पावती” असं उत्तर आलं की टेम्पो पुढे जाऊ द्या.

रोप हातात घेतलं की पट्टी समोरच सोडायला लावा. खऱ्या सांध्यावर तिरकी किंवा पाचरीसारखी खूण दिसते, आणि तिच्या वरच्या-खालच्या सालीच्या रंगात, जाडीत फरक असतो. साल वरपासून खालपर्यंत एकसारखी असेल तर ते कलम नव्हे. सांध्याच्या खालून फूट येत असेल आणि विक्रेता “तीही वाढू द्या” म्हणत असेल तर तोही खोटं बोलतोय, कारण ती फूट रायवळाची असते आणि वरच्या हापूसचं अन्न खाते. कोकमाचा सांधा तर पाहाच. शिवाय काडी सरळ शेंड्याची की आडव्या फांदीची तेही विचारा. आडव्या फांदीचं कलम पसरट झुडपासारखं वाढतं, लहान अंगणात ते अडचणीचं होतं.

आंब्यांवर आता इलाज चालू आहे. दापोलीकडचे कलमं बांधणारे एक काका आले होते. त्यांच्या सांगण्यावरून दोन्ही झाडं छातीएवढ्या उंचीवर छाटली, नव्या फुटव्यांवर पावसाळ्यात हापूसच्या काड्या बांधायच्या आहेत. कोकमाचा एक नर मात्र त्यांनी ठेवायला सांगितलाय, नव्या मादी कलमांना पराग हवेतच म्हणून.